हराझच्या डोंगरातील पायऱ्यांची शेती

वर्धा जिल्ह्यात दोन वावरांमधील बांधास धुरा म्हणतात. अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील येमेन देशातही याच्याशी पुष्कळ मिळताजुळता उच्चार असलेला एक शब्द शेतकऱ्याच्या तोंडी नेहमी असतो. परंतु तेथे त्याचा अर्थ बांध असा नसून ज्वारी असा आहे. हे साम्य निव्वळ योगायोगाचे होय. खरीप आणि रब्बी या शब्दांची गोष्ट मात्र तशी नाही. हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत ऋतू. पीक ज्या ऋतूत हाती येते त्यावरून ही नावे पडली व मुसलमानी अमदानीतील महसुली दप्तरांतून ती आपल्या हंगामांना कायमची चिकटली. मोसम हा शब्दही त्याच भाषेतला. आर्वीच्या माथ्यावरील कास्तकार कपाशीस खरिपाचे पीक म्हणतो आणि येमेनच्या डोंगरातील कास्तकार श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पडणाऱ्या पावसास खरीफ म्हणतो, तेव्हा हजारो मैलांच्या अंतरावरून दोघेही एकच शब्द बोलत असतात.

अरबस्तान म्हटले की वाळू, उंट आणि खजूर एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. येमेनचा पश्चिम भाग या चित्रात बसत नाही. तांबड्या समुद्राच्या काठी तिहामा नावाची उष्ण व रखरखीत मैदानी पट्टी आहे. ती ओलांडली की एकाएकी डोंगर उभे राहतात आणि थोड्याच अंतरात सात-आठ हजार फुटांवर जातात. अरबी द्वीपकल्पातील सर्वांत उंच शिखर, नबी शुऐबचा डोंगर, याच रांगेत असून त्याची उंची ३,६६६ मीटर आहे. समुद्रावरून आलेले दमट वारे या कड्यांना अडतात, म्हणून येथे पाऊस पडतो. त्याचे दोन भाग असतात. एक मार्च ते मेच्या दरम्यान आणि दुसरा, अधिक भरवशाचा, जुलै ते सप्टेंबर. इब्बच्या बाजूस पावसाचे मान आपल्या वर्धेच्या जवळपास जाते, तर सना या राजधानीच्या शहरी ते त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेही भरत नाही.

या डोंगरांपैकी हराझ हा भाग सनाच्या पश्चिमेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे. मनाखा हे त्यातील मुख्य गाव. महाराष्ट्रातील लोकांना हे नाव अगदीच अपरिचित नाही. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू पूर्वी येमेनमध्ये राहत असत. १५६७ साली ती गादी हिंदुस्थानात आली व आज तिचे मुख्य ठाणे मुंबई आहे. या समाजाचे तिसरे दाई हातिम यांचे ११९९ साली निधन झाले आणि त्यांची कबर हराझमधील हुतैब येथे एका उंच कड्याच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे मुंबईपासून विदर्भातील व्यापारी गावांपर्यंत सर्व ठिकाणचे बोहरा यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या हा डोंगर चढत आले. २०१४–१५ पासून येमेनमध्ये युद्ध पेटल्यावर हा प्रवास अतिशय बिकट झाला.

मनाखाच्या घाटात पोहोचलेल्या प्रवाशास प्रथम दिसतात त्या पायऱ्या. दरीच्या तळापासून थेट शिखराच्या खडकापर्यंत संपूर्ण डोंगर जिन्यासारखा कोरलेला असतो. एकेका पायरीस दगडाची कोरडी, म्हणजे चुना किंवा माती न वापरता रचलेली भिंत. भिंतीच्या आत भरलेली माती, आणि त्या मातीत ज्वारी, सातू, मसूर किंवा काफी. काही पायऱ्या बैलजोडी फिरेल एवढ्या रुंद, तर काही इतक्या अरुंद की त्यांत नांगर वळत नाही व सर्व काम हातकुदळीनेच करावे लागते. भिंतीची उंची कोठे कमरेइतकी, कोठे दोन पुरुष. गावे मात्र या पायऱ्यांवर कोठेही नाहीत. हजरा या गावातील चार-पाच मजली दगडी घरे उघड्या कातळाच्या टोकावर, गरुडाच्या घरट्यासारखी, एकमेकांस चिकटून उभी आहेत. शत्रूपासून संरक्षण हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की जेथे माती आहे तेथे घर बांधणे या लोकांना परवडण्यासारखे नाही.

ही माती डोंगराने आयती दिलेली नाही. येमेनच्या डोंगरातील सर्वांत जुन्या पायऱ्या चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. भिंत प्रथम बुटकी रचावयाची. वरच्या उघड्या उतारावरून पावसाबरोबर येणारा गाळ तिच्यामागे साठू द्यावयाचा. तो भरला की भिंतीवर आणखी एक थर चढवावयाचा. आणि जी माती भिंतीवरून खाली गेली ती टोपलीत भरून पुन्हा वर आणावयाची. अशा रीतीने कित्येक पिढ्यांनी मिळून एकेक वावर तयार केले. पायरीवरील पिकास केवळ तेथे पडणाऱ्या पावसावर भागत नाही. वरचा पडीक खडकाळ उतार हे त्या वावराचे पाणलोट क्षेत्र असते व त्या उतारावरून वाहणाऱ्या पाण्याचा हक्क वावराबरोबरच विकला किंवा वाटून घेतला जातो. पाण्याची वाटणी वरून खाली. प्रथम वरच्याचे वावर भिजावे, मग त्याच्या खालच्याचे.

आणि येथेच या शेतीचे खरे मर्म आहे. वरच्यास पाणी प्रथम मिळते, परंतु त्याची भिंत ढासळली तर तिचे दगड, माती आणि तुंबलेले पाणी एकदम खालच्या भिंतीवर कोसळते. ती या भाराने फुटते आणि दोन भिंतींचा भार तिसरीवर येतो. एका मुसळधार रात्रीत माथ्यावरची एक खिंड दरीच्या तळापर्यंत वीस वावरे घेऊन जाऊ शकते. म्हणून या डोंगरात स्वतःच्या भिंतीची डागडुजी ही कोणाची खाजगी बाब मानली जात नसे. पहिल्या पावसापूर्वी प्रत्येकाने आपली भिंत पाहावी, सुटलेले दगड बसवावे, पाणी उतरण्याच्या वाटा मोकळ्या कराव्या, असा तेथील रिवाज. जमीन बटाईने असली तर किरकोळ दुरुस्ती कुळाने आणि मोठी पडझड मालकाने सावरावी, असे वाटे ठरलेले असत. थोडक्यात, भिंत वरच्याच्या वावरात असली तरी तिचा खरा लाभार्थी खालचा होता.

रचनेचे कसब पाहण्यासारखे आहे. सर्वांत मोठे दगड पायाशी. भिंत सरळ उभी न ठेवता किंचित डोंगराकडे झुकती. तिच्यामागे मातीपूर्वी बारीक दगडांचा भर, म्हणजे पाणी मातीतून झिरपून दगडांच्या सांदीतून हळूहळू बाहेर पडते व भिंतीस पाठीमागून रेटा देत नाही. सिमेंटची पक्की भिंत येथे फार दिवस टिकली नसती. पाणी कोंडून तिने पोट काढले असते.

१७६३ साली डेन्मार्कच्या राजाने पाठविलेली एक संशोधक मंडळी या देशात आली होती. तिच्यातील कार्स्टेन नीबुर याने काफीचे डोंगर पाहून जे वर्णन लिहिले त्यात या पायऱ्या आहेत, फुलांवर आलेल्या काफीचा सुवास आहे, तसेच उंचावर पाणी साठवून खालच्या बागांस देण्याची व्यवस्थाही आहे. त्याचा सोबती फोर्सकोल हा वनस्पतिशास्त्रज्ञ, लिनियसचा शिष्य, येमेनच्या डोंगरातच तापाने वारला. उरलेले लोक जहाजाने मुंबईस निघाले. त्यांतील दोघे वाटेत समुद्रावर आणि एक मुंबईत मरण पावला. सहाजणांपैकी एकटा नीबुर मायदेशी परतला. मुंबईतील मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची जी मोजमापे व चित्रे केली ती पुढे युरोपात प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानातील काफीचे बी बाबा बुदन नावाच्या फकिराने याच डोंगरांतून कर्नाटकात आणले, अशी दंतकथा आहे. तिचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी विदर्भात चिखलदऱ्याच्या थंड हवेत जी काफी उभी आहे तिचे कुळ येमेनच्या पायऱ्यांशी जाऊन पोहोचते यात शंका नाही.

येमेनी शेतकऱ्याच्या पद्धती वाचताना आपल्याकडील वृद्ध कास्तकारास पावलोपावली ओळखीची खूण पटेल. तेथील गाईबैलांना आपल्यासारखेच वशिंड असते; जनावर मात्र आपल्या गवळाऊच्या मानाने खुजे. ज्वारी उभी असतानाच तिची खालची पाने खुडून ती गाईस घालतात. वाळल्या कडब्याभोवती हिरव्या लसूणघासाचा पेंढा गुंडाळून बायका तो घास हाताने गाईच्या तोंडात देतात, म्हणजे गाय निवडून खात नाही व कडबा वाया जात नाही. कुट्टीयंत्र नसलेल्या गृहिणीची ही युक्ती खरोखर हुशारीची आहे. ज्वारीच्या पिठाचा दाट घाटा हे त्यांचे रोजचे अन्न.

आपण मृग, आर्द्रा, हस्त पाहतो, तसे तेही नक्षत्रे पाहतात. आपली २७, त्यांची २८. कृत्तिकेस ते सुरैया म्हणतात आणि अगस्तीस सुहैल. अगस्तीच्या उदयाबरोबर पावसाळा सरत आल्याचे आपण मानतो, तसा सुहैलाच्या उदयावर तेथील शेतकरी ऋतूचा पालट ओळखतो. आपल्याकडे सहदेव-भाडळीची वचने आहेत, तर त्यांच्याकडे अली बिन झायेद नावाच्या कोणा प्राचीन शेतकऱ्याची. हा अली केव्हा होऊन गेला हे कोणास सांगता येत नाही, पण पेरणीचा मुहूर्त सांगताना त्याचे नाव घेतल्याखेरीज म्हाताऱ्यांचे समाधान होत नाही. तेराव्या व चौदाव्या शतकात येमेनवर राज्य करणाऱ्या रसूली घराण्यातील पुरुषांना तर शेतीचा विशेष छंद होता. त्यांपैकी उमर या राजपुत्राने १२७१ च्या सुमारास महिनावार शेतीकामांचे पंचांग तयार केले. राजपुत्राने शेतकी पत्रिका लिहावी, हे उदाहरण इतिहासात फारसे आढळणार नाही.

इतक्या काळजीने राखलेली ही शेती गेल्या पन्नास वर्षांत ढासळू लागली. १९६२ साली इमामांची राजवट संपली आणि देश बाहेरच्या जगास खुला झाला. १९७० नंतर शेजारच्या सौदी अरेबियात तेलाचा पैसा वाहू लागला तेव्हा डोंगरातील धडधाकट पुरुष लाखोंच्या संख्येने तिकडे मजुरीस गेले. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून परदेशी गहू विकत घेणे हे ज्वारी पिकविण्यापेक्षा स्वस्त पडू लागले. घरी उरले ते म्हातारे, बायका आणि मुले. ज्वारीची पेरणी त्यांनी कशीबशी निभावली. परंतु निखळलेला दोन मणांचा दगड उचलून पुन्हा बसविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. प्रथम माथ्यावरच्या, दूरच्या व अरुंद पायऱ्या ओस पडल्या. त्या फुटल्या आणि ज्यांची वावरे अद्याप वाहितीत होती अशा खालच्यांच्या भिंतींवर त्यांचा भार आला. १९९० च्या आखाती संकटात सौदी अरेबियाने येमेनी मजुरांना माघारी धाडले तेव्हा परतलेल्यांपैकी पुष्कळांना वडिलोपार्जित वावरांच्या जागी दगडांचे ढीग आणि घळी दिसल्या. नव्या पिढीस भिंत रचण्याचे कसबही राहिले नव्हते.

ज्या पायऱ्या टिकल्या त्यांतील पुष्कळांवर काफीऐवजी कात आला. आपल्या पानातला कात तो हा नव्हे. कात ही एक झुडूपवजा वनस्पती असून तिची कोवळी पाने येमेनी लोक दुपारभर गालात धरून चघळतात व त्यामुळे अंगात एक प्रकारची तरतरी येते. रोज रोख पैसा देणारे हे पीक आहे, म्हणून शेतकऱ्यास त्याचा मोह पडला तर त्यास सर्वस्वी दोष देता येत नाही. परंतु त्यासाठी खोल विंधनविहिरी खोदल्या गेल्या आणि सनाच्या खोऱ्यातील भूजल झपाट्याने खाली गेले. वरून येणारे पाणी अडविण्याची जी विद्या होती तिची गरजच, निदान काही वर्षे, कोणास भासेनाशी झाली. हराझमध्ये बोहरा समाजाने आपल्या धर्मगुरूंच्या सांगण्यावरून काताची झाडे उपटून पुन्हा काफी लावली. हा अपवाद कौतुकास्पद होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वर्धा जिल्ह्याचा दक्षिण भाग सपाट व काळ्या मातीचा असला तरी उत्तरेस आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत सातपुड्याचे फाटे उतरले आहेत. मालेगाव, नांदगाव, जैतगड या टेकड्यांची उंची हराझच्या तुलनेत नगण्य वाटेल. परंतु मातीची गोष्ट वेगळी आहे. दरीतील काळी आणि मोरंड सोडून वर चढले की खरडी लागते, तिच्या वर बरडी, आणि बरडीच्या खाली वीतभर खणले की मुरूम. अशा ठिकाणी एका एकरातून एक सेंटीमीटर जाडीचा थर वाहून गेला तर सुमारे ५० टन माती जाते. अर्ध्या टनाची एक बंडी धरल्यास त्या शंभर बंड्या झाल्या. हराझचा शेतकरी ती टोपलीने वर आणीत असे. आपण ती धाम, बोर आणि वर्धेच्या पात्रात सोडून देतो.

बांधबंदिस्तीचे काम या भागात झालेले नाही असे मुळीच नाही. राज्यपुनर्रचनेच्या काळापासून बांध घातले जात आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातून कामे झाली. २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आर्वी तालुक्यातील काकडदरा या आदिवासी वस्तीच्या छोट्या गावाने राज्यात पहिले पारितोषिक मिळविले, आणि तेही भर उन्हाळ्यात गावकऱ्यांनी स्वतः कुदळ-फावडे हाती घेऊन. श्रम करणारे हात आपल्याकडे आहेत, हे त्यावरून सिद्ध झाले. अडचण बांध घालण्यात नसून तो घातल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात आहे. खेकड्याने किंवा उंदराने एक बीळ केले, गुरांच्या वाटेने माथा खचला, सांडव्याचा एक दगड सरकला, की तेथून पाणी वाट काढते. बांध सरकारी योजनेतून झाला असल्यास तो सरकारने येऊन दुरुस्त करावा, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी दिसते. वावर ज्याचे त्याचा बांध, हे कायद्यानेही स्पष्ट आहे.

याहून वाईट सवय म्हणजे धुरा कोरणे. वखराचा एक फेरा जास्तीचा बसावा म्हणून दरवर्षी नांगराच्या फाळाने धुऱ्याची एक बाजू थोडी थोडी खाल्ली जाते. शेजारी दुसरी बाजू खातो. दहा वर्षांनी चार फुटी धुरा दीड फूट उरतो आणि प्रकरण तहसील कचेरीत जाते. मोजणी, पंच, तारखा यांत जो पैसा खर्च होतो त्यात तो धुरा दहा वेळा नव्याने बांधून झाला असता. आणि तोपर्यंत एखाद्या जुलैच्या पावसाने दोघांचाही वाद निकालात काढलेला असतो. संत्र्याच्या बागा असलेल्या गावांत दुसरेच कारण घडते. विंधनविहिरीचे पाणी आहे तोवर वरच्या बरडावरील बांधांकडे कोणी फिरकत नाही. विहीर आटली म्हणजे त्यांची आठवण होते.

फुटलेला बांध दुरुस्त करताना केवळ खिंडीत माती लोटून चालत नाही. जुनी आणि नवी माती एकजीव न झाल्यास पुढील पावसात तो त्याच जागी पुन्हा फुटतो. प्रथम पाणी तेथे का जमले हे पाहावे. बहुधा सांडवा बुजलेला किंवा उंच झालेला आढळेल. खिंडीच्या दोन्ही बाजूंची कोसळती माती छाटून तिला पायऱ्या पाडाव्या, काडीकचरा व मुळ्या काढाव्या, आणि तळाशी फूटभर खोल चर घेऊन पाया धरावा. भरावासाठी माती वरच्या अंगाने, बांधाच्या पायथ्यापासून फूटभर जागा सोडून घ्यावी. ढेकळे फोडून सहा-सहा इंचांचा थर टाकावा, त्यावर पाणी शिंपडावे व धुम्मसाने ठोकावे. नवी माती बसते, म्हणून माथा शेजारच्या बांधापेक्षा थोडा उंच ठेवावा. दोन्ही उतारांवर मारवेलचे ठोंब पहिल्या पावसात लावावे. धुऱ्यावर गवत असले की वैरणही होते आणि फाळही दूर राहतो. भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात बांधास भेगा पडतात व तेथे पाणी फार काळ अडवून ठेवणे धोक्याचे असते, तेव्हा अशा वावरात किंचित उतार देऊन पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांधच योग्य. बरड जमिनीत दगड मुबलक असतो. तेथे दगडी बांध घालावा आणि त्यामागे हराझप्रमाणे बारीक दगडांचा भर द्यावा.

सांडव्याची जागा ठरविताना खालच्या शेजाऱ्यास बरोबर न्यावे, कारण पाणी त्याच्याच वावरात उतरणार आहे. ते त्याच्या पेरलेल्या तासांवर न पडता दगडी पिचिंगवरून नाल्यात कसे जाईल, हे दोघांनी जागेवर उभे राहून पाहावे, आणि माथ्यावरच्या वावरापासून सुरुवात करून ओळीने खाली यावे. अक्षय तृतीया ते रोहिणी हा यास बरा काळ. मृगाचा पाऊस पडून तिफण निघाल्यावर या कामास बैलही मोकळे नसतात आणि माणूसही नसतो.